झेड बरोबर शून्य आणि खालच्या वावरातली विहीर

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, बीएस्सी फायनलची. दुपारची लाईन गेलेली, घरचे सगळे कापूस वेचायला गेलेले आणि मी ओसरीत नुसता लोळत पडलेलो, तर तिची कॉम्प्लेक्स ॲनॅलिसिसची, म्हणजे इमॅजिनरी भाग असलेल्या नंबरांच्या गणिताची, वही हाताशी लागली. एका पानावर वन अपॉन झेड इनटू झेड मायनस वन (दोन्ही छेदात), त्याची लॉरेंट सिरीज, म्हणजे झेडच्या प्लस-मायनस पॉवरची लांबलचक बेरीज, काढलेली, वन अपॉन झेड स्क्वेअर, प्लस वन अपॉन झेड क्यूब, प्लस करत करत पुढे टिंबं टिंबं, आणि खाली लाल पेनानं चौकट: मायनस पॉवरच्या टर्म अनंत आहेत म्हणून झेड बरोबर शून्यला इसेन्शियल सिंग्युलॅरिटी (फंक्शन बिघडते त्या जागांतली सगळ्यात बेभरवशाची).

आँ?

म्हटलं, "पोरी, हे कोणत्या रिंगणातलं होय?" तर म्हणे, "मामा, रिंगण कोणतंबी असो, सिरीज तं सिरीजच राह्यते नं!"

मले एकदम खालच्या वावरातली विहीरच आठवली. तेव्हा तिले कठडा नव्हता. बाबा वखर धरून तिथपर्यंत आले की बैल न सांगता वळायचे, त्यामुळे विहिरीच्या भोवताल मातीत गोल तास उमटलेले असायचे, आतला तास काठापासून चांगला हात-दोन हात लांब. आम्ही पोट्टे त्या तासाच्या आत पाय टाकत नव्हतो, कारण आजीचं सगळं लक्ष तिथंच, धुऱ्यावरून ओरडायची, "अबे, मरता का रे!" मग बाहेरूनच गोटा फेकायचा, मनात आकडे मोजायचे आणि डुबुक आवाज आला की पाणी किती खाली गेलं यावर भांडायचं. उन्हाळ्यात डुबुक नाही, खट्ट यायचं.

लॉरेंटचं काम तसंच. त्या पॉइंटवर फंक्शनच नाही, पण भोवतालच्या रिंगणात फिरून आत काय आहे ते सांगता येतं. अट एवढीच की रिंगण त्याच विहिरीचं पाहिजे, दुसरी लागली की ते संपलं. भाचीच्या गणितात दुसरी विहीर एकवर आहे, तिथंही छेद शून्य. शून्य ते एकच्या मधल्या रिंगणात सिरीज येते मायनस वन अपॉन झेड, मायनस वन, मायनस झेड, अशी. मायनस पॉवरची टर्म एकच, म्हणजे साधा सिंपल पोल (फंक्शन सरळ इन्फिनिटीला जाते ती जागा), रेसिड्यू, म्हणजे वन अपॉन झेडचा गुणक, मायनस वन, विषय संपला. तिनं काढलेली सिरीज एकच्या पलीकडची, हिशोबात एकदम बरोबर, पण तिथून फिरलं तर दोन्ही विहिरी एकाच घेऱ्यात येतात, मग ती एकट्या शून्याबद्दल काय सांगणार? पेपर काढणाऱ्यांनाही हे माहीत असतं, म्हणून तर दोन-दोन रिंगणं विचारतात.

ज्याच्या नावाची ही सिरीज तो माणूस फ्रेंच फौजेतला इंजिनिअर, ल हाव्र बंदराच्या कामावर होता. 1843 मध्ये यानं पॅरिसच्या अकादमीच्या बक्षिसासाठी लेख पाठवला तर तारीख निघून गेलेली. कोशीसारख्या मोठ्या गणितज्ञानं छापा म्हणून सांगितलं, तरी छापला नाही. 1854 ला एक्केचाळीसाव्या वर्षी गडी गेला, आणि त्याचं लिखाण छापून आलं 1863 मध्ये. तिकडे जर्मन गणितज्ञ वायरश्ट्रासनं हेच 1841 मध्ये काढून ठेवलं होतं, पण ते बाहेर पडलं 1894 ला. आपल्याकडे फॉर्मची तारीख हुकली की पोरं कशी तोंड पाडून बसतात!

आता माझी एक खोड. कोणी इसेन्शियलबद्दल "तिथं फंक्शन इन्फिनिटीले जाते" म्हटलं की माझं डोकं फिरते. इन्फिनिटीले पोल जातो, बिचारा सरळ आहे, कोणत्याही बाजूनं या, वरच जाईल. रिमूव्हेबलचं, म्हणजे नुसत्या भरता येणाऱ्या फटीचं, तर नावच घेऊ नका, साइन झेड अपॉन झेडमध्ये शून्याच्या जागी एक ठेवला की झालं. पण ई रेज टू वन अपॉन झेड घ्या. उगवतीकडून शून्याजवळ जा, आभाळाला भिडते. मावळतीकडून जा, पार शून्यात बसते. आणि वरून किंवा खालून, म्हणजे इमॅजिनरी ॲक्सिसवरून गेलं तर मॉड्युलस, म्हणजे शून्यापासूनचं अंतर, एकचा एकच, फक्त गरगर फिरत राहते, जवळ जाल तशी जास्त जोरात. याला इन्फिनिटीला जाणं म्हणायचं?

भाचीला हे सांगत होतो तर ती मोबाइलमध्ये. पण फ्रेंच गणितज्ञ पिकार्डचं थिअरम सांगितलं तेव्हा मान वर झाली. 1879 चं आहे. इसेन्शियल सिंग्युलॅरिटीच्या भोवताल कितीही बारीक रिंगण घ्या, फंक्शन तिथं प्रत्येक कॉम्प्लेक्स नंबर घेते, तोही अनंत वेळा, सुटला तर जास्तीत जास्त एक. वरच्या फंक्शनमध्ये तो एक म्हणजे शून्य, कारण ई ची कोणतीच पॉवर शून्य होत नाही.

"बाकी सगळे येतात अन् एकच सुटते? दोन काऊन नाही सुटत मामा?"

अमरावतीला एमएस्सीला असताना प्रूफ वाचलं होतं, ओळ न ओळ पटली होती. पण काऊन म्हणून विचारलं तर काय सांगू बाप्पा. तेवढ्यात लाईन आली आणि ती मोटर चालू करायला पळाली.