शोधपेटी अपडेट: मार्शल लॉ तळाला, फोटो वर

शोधपेटी म्हणजे जुन्या कागदांत शब्द शोधायचं माझं साधन, एसक्यूलाइट डेटाबेसच्या एफटीएस5 या शोध-सोयीवर बांधलेलं. काना-मात्रांचं मागच्या वेळी निस्तरलं. युनिकोड-61 टोकनायझरच्या (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाच्या) कॅटेगरींत एमएन आणि एमसी (काना-मात्रांसारख्या चिन्हांचे गट) घातल्यापासून 'गिरणी'चे तुकडे पडत नाहीत. त्याच आनंदात तिन्ही इंडेक्स (1930 ची सोलापूरची कात्रणं, गिरणी कामगारांच्या आठवणी, फोटोंखालच्या ओळी) युनियन ऑलने (निकाल एकाखाली एक लावून) जोडले, बीएम25 ने (शब्द किती वेळा आला, किती दुर्मिळ आणि मजकूर किती लांब यावरून स्कोअर देणाऱ्या सूत्राने) क्रम लावला आणि "मार्शल लॉ" शोधलं. सगळ्यात वर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा फोटो. कात्रणं पार तळाला!

स्कोअर छापले तर कात्रणांचे सगळे उणे 0.000001 च्या आसपास (एफटीएस5 स्कोअर उणे चिन्ह लावून देतं, जितका जास्त उणे तितका वर; पुढचे हिशेब चिन्ह सोडून). शब्द निम्म्याहून जास्त नोंदींत असला की आयडीएफ (शब्द दुर्मिळ तितकं त्याचं वजन जास्त, ते वजन) शून्याखाली जातो, मग एफटीएस5 तो 0.000001 धरतं. 1930 च्या सोलापूरच्या कात्रणांत मार्शल लॉ नाही तर काय असणार? दोन शाळांचे मार्क एकाच गुणवत्ता यादीत लावल्यासारखा प्रकार.

आरआरएफ (स्कोअर न बघता प्रत्येक यादीतल्या क्रमांकावरून 1/(के + क्रमांक) असे गुण देऊन याद्या एकत्र करायची पद्धत) लावून पाहिलं, के नेहमीचाच 60. यादी दिसायला बरी, पण एकही कागद दोन इंडेक्समध्ये नाही, त्यामुळे प्रत्येकातला पहिला 1/61, दुसरा 1/62. नुसती आळीपाळी. एकाच संग्रहात दोन पद्धतींनी शोधत असाल तर आरआरएफ झकास, इथे बिनकामाचं.

इलॅस्टिकसर्च या जावावरच्या शोध-इंजिनात डीएफएसची (सगळीकडचे शब्दांचे आकडे आधी एकत्र करायची) सोय आहे, मान्य. पण सोलापूरच्या मे महिन्यात 4 जीबीच्या लॅपटॉपवर जावा चालवायला मी धजत नाही.

मग सगळं एकाच टेबलात ओतणार होतो. आधी हिशेब मांडला. सरासरी लांबी 300 शब्द धरली, तर दहा शब्दांच्या ओळीतला एक उल्लेख आयडीएफ सोडून 1.65, आणि 900 शब्दांच्या कात्रणातले पाच उल्लेख मिळून 1.38. फोटो पुन्हा वर! लांबीला किती महत्त्व द्यायचं ते ठरवणारा बी एफटीएस5 मध्ये 0.75 वर पक्का बसवलेला, बाहेरून हलत नाही.

थांबा, हे टाइप करतानाच सुचलं. लांबीची सरासरी ज्याची त्याची ठेवायची, आयडीएफ तेवढा सामाईक. बीएम25 ला त्या टेबलाच्या आयडीएफने भागायचं, तिन्हींच्या काउंटवरून काढलेल्याने गुणायचं. ल्युसीन या शोध-लायब्ररीसारखा आयडीएफच्या लॉगच्या आत 1 मिळवला की तो उणे जातच नाही. कात्रणांची सरासरी 900 आणि ओळींची दहा धरली, तर आयडीएफ सोडून कात्रण 1.77, फोटो 1.

चालवलं. वरची सगळी कात्रणंच, काय बरं वाटलं! एकत्र टेबल रद्द. मात्र 'गिरणी संप'सारख्या शोधात प्रत्येक शब्दाचा बीएम25 वेगळा काढून बेरीज करावी लागेल, आज रात्री तेच.