नखातली माणसं

सोमवार, रात्री

कैरोतल्या शाईच्या आरशाची हकिगत आज वाचली आणि झोप उडाली. १८३०च्या दशकातली गोष्ट. एडवर्ड लेन नावाचा इंग्रज तिथे अरबी पेहरावात, अरबी बोलत राहायचा. बारीकसारीक टिपून ठेवणारा, सहजी न भुलणारा माणूस. त्याच्याकडे अब्दुल कादिर मगरिबी नावाचा जादूगार आला. रस्त्यानं चाललेल्या पोरांतला एक बोलावून घेतला. त्याच्या उजव्या तळहातावर चौकटी आखून आकडे लिहिले, मधोमध शाईचा टपोरा थेंब टाकला. शेजारी निखाऱ्यांवर ऊद आणि धने. तुझं तोंड दिसतंय का शाईत? दिसतंय. आता मान वर करू नकोस.

आधी एक माणूस जमीन झाडताना दिसला. मग निशाणं आली, एकामागून एक, सात. मग तंबू, सैन्य, बैल कापला, शिजवला, सगळ्यांची जेवणं झाली. शेवटी सुलतान घोड्यावरून आला, तंबूत बसला, कॉफी प्यायला. एवढा लवाजमा तळहातावरच्या थेंबात! यानंतर हवं त्या माणसाला बोलवा, म्हणे.

लेननं नेल्सन या इंग्रज दर्यासारंगाला बोलावलं. पोराला ते नाव धड उच्चारताही येईना. तरी थोड्या वेळानं तो म्हणाला, काळ्या युरोपी कपड्यांतला माणूस आलाय, त्याला डावा हात नाही. मग शाईत आणखी वाकला. नाही, हात आहे, पण छातीशी धरलाय. नेल्सनची रिकामी बाही कोटावर छातीशी अडकवलेली असायची, हे लेनला ठाऊक होतं. फरक एवढाच, की नेल्सनचा गेलेला हात उजवा. लेननं विचारलं, शाईत आरशासारखं उलटं दिसतं का? जादूगार म्हणाला, हो, आरशासारखंच.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू.

एक गोष्ट वहीत उतरवून ठेवते. शाईत कोणाला दिसतं याची यादी लेननं दिली आहे: वयात न आलेला मुलगा, कुमारिका, काळी गुलाम बाई आणि गरोदर बाई. जादूगाराला स्वतःला दिसत नाही. पैसे देऊन प्रश्न विचारणाऱ्या साहेबालाही दिसत नाही.

मंगळवार

आत्तीला फोन केला. आत्ती पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. विट्याजवळच्या आमच्या गावात अजून कुणाच्या कमरेत उसण भरली की तिच्याकडे येतात आणि ती ऐंशीच्या घरातली बाई भिंतीला धरून त्यांच्या पाठीला पाय लावते. पावसात वीज कडाडली की तिला अजूनही कुणी अंगणात थांबू देत नाही, पायाळूवर वीज पडते म्हणून. पण पायाळूची खरी मागणी असायची ती अंजनासाठी. डोळ्यात घातलं की भुईतलं धन दिसतं, नखाला लावलं की चोर दिसतो. आत्तीला लहानपणी एकदा बसवलं होतं, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. काय झालं ते कुणी विचारलं नव्हतं.

"पाटलाच्या थोरल्या सुनंची बोरमाळ गेल्याली," म्हणाली. "मी असंन नऊ-धा वरसाची. न्हाऊ घातलं, वल्ल्या केसानं तसंच बसवलं. काजळ एरंडेलात खललं आन ह्या अंगठ्याच्या नखाला चोपडलं. म्होरं दिवा. समदी वाकून बघत बसल्याली."

मग जाणत्यानं विचारायला सुरुवात केली. आत्तीनं ती सवाल-जबाबाची लड अशी म्हणून दाखवली की तिला ती पाठ आहे हे कळलं.

"काय दिसतंय? म्हनलं, दिवा. दिव्याच्या म्हागं? कायतरी हालतंय. मानूस हाय न्हवं? हाय. बाई का गडी? मी गप. त्यो म्हनला, नीट बघ, डोसक्यावर पदर हाय का न्हाई? हाय म्हनलं. पाठीला पोर बांधल्यालं हाय? हाय."

वाड्यावर धुण्याभांड्याला एक बाई यायची, तान्हं पोर पाठीला बांधून. दुसऱ्या दिवशी तिला वाड्यात पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं. महिन्याभरात नवरा-बायको पोराला घेऊन गाव सोडून गेली. बोरमाळ काही मिळाली नाही. आत्तीला गूळ-खोबरं आणि परकराचं कापड मिळालं.

मी विचारलं, "आत्ती, पण तुला खरंच दिसली का गं ती?"

"दिसली की. त्यानं इचारलं तवा दिसली."

मग मी तिला नेल्सनची गोष्ट सांगितली. आधी एका हाताचा दर्यासारंग म्हणजे कोण हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोराला म्हाईत नसंल. पर तिथं बसल्याल्यापैकी कुनाला तरी म्हाईत आसंल न्हवं?"

रात्री पुढचं वाचलं. तिथे उस्मान एफेंदी म्हणून एक गृहस्थ हजर असायचा. ब्रिटिश वकिलातीचा दुभाषा, मूळचा स्कॉटलंडचा, मुसलमान झालेला. नेल्सनचा हात त्याला माहीत नसेल असं कसं होईल? उस्मानच्या मृत्यूनंतर त्याच जादूगाराचे प्रयोग लेननं पुन्हा पाहिले ते साफ फसले, आणि मग लेननंच लिहून ठेवलं की आधीचं यश उस्मानच्या प्रश्नांत दडलं असावं. लेनला इतकी वर्षं लागली, आत्तीनं फोनवर उलगडून टाकलं. अर्थात ती नखाच्या या बाजूला बसली होती.

बुधवार

ब्रह्मजालसुत्त काढून पाहिलं. दीघनिकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथातलं पहिलंच सुत्त. गौतम बुद्ध कोणकोणत्या हलक्या विद्यांवर पोट भरत नाही, याची भलीमोठी यादी त्यात आहे. तिच्यात ओळीनं येतात आदासपञ्ह, कुमारिकपञ्ह, देवपञ्ह: आरशाला विचारणं, कुमारिकेला विचारणं, देवाला विचारणं. आरशाच्या शेजारी लगेच मुलगी! जैनांच्या स्थानांग या आगमग्रंथातही आरशाचे प्रश्न आणि अंगठ्याचे प्रश्न जोडीनं सांगितले आहेत. म्हणजे आमच्या गावातला काजळ लावलेला अंगठा फार जुना आहे.

दख्खनकडच्या मुसलमान घरांतही हाच प्रकार हाजरात म्हणून चाले. जाफर शरीफ यांनी दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींची माहिती लिहिली आणि हर्क्लॉट्सनं ती १८३२ मध्ये इंग्रजीत आणली. त्यात काजळाच्या काळ्या डागात पोराला आधी झाडणारा फरास दिसतो, मग पाणी शिंपडणारा भिस्ती, मग गालिचा, सिंहासन आणि शेवटी राजा. कैरोतल्या शाईत झाडूवाला, इथल्या काजळात झाडूवाला. आधी जागा झाडून घ्यायची, मग मोठी माणसं बोलवायची. कुठल्याही दरबाराची रीत हीच, आणि पोरांना ती पाहून माहीत असणार.

शुक्रवार

काल रात्री स्वतः करून पाहिलं. कपाटाच्या आरशासमोर स्टूल, पाठीमागे झिरोचा बल्ब, बाकी अंधार. लहानपणी रात्री आरशात बघू नये म्हणायचे, ते आठवून हसू आलं, पण दाराला कडी लावली. नजर डाव्या डोळ्यावर ठेवली. थोड्या वेळात गालांच्या कडा विरघळल्या. मग कपाळ खाली सरकलं, तोंड लांबट झालं, आणि क्षणभर समोर माझ्या वडिलांसारखं कुणीतरी बसलं होतं. नीट पाहायला गेले तर मीच.

यात भूतखेत काही नाही हे मला आधीच माहीत होतं. इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठाच्या जोव्हानी कापुतो यांनी २०१० मध्ये हाच प्रयोग छापला. ५० माणसं, मंद उजेड, एकेकाला आरशासमोर दहा मिनिटं. दोन तृतीयांश लोकांना आपला चेहरा भयंकर बिघडलेला दिसला, २८ टक्क्यांना अनोळखी माणूस, १८ टक्क्यांना स्वतःच्या आईचा किंवा वडिलांचा चेहरा, जवळजवळ निम्म्यांना राक्षसी काहीतरी. एका जागी टक लावली की नजरेच्या कडेच्या न हलणाऱ्या गोष्टी पुसट होतात, हे ट्रॉक्सलर या स्विस वैद्यानं १८०४ मध्येच लिहून ठेवलंय. पुसट झालेली जागा मेंदू त्याच्याजवळचं काहीतरी घालून भरतो.

मग स्वयंपाकघरात जाऊन अंगठ्याला काजळ आणि तेल लावलं. एरंडेल नव्हतं, खोबरेल घेतलं. नख म्हणजे काळा, तुकतुकीत, फुगीर आरसा. फुगीर आरशात सगळी खोली मावते, बारीक होऊन. गॅसजवळचा दिवा दिसला, खिडकी दिसली, दार उघडून "काय चाललंय?" विचारायला आलेला नवराही दिसला, मुंगीएवढा, हलणारा. आत्तीला दिव्याच्या मागे हलताना दिसलं ते काय असेल, हे तेव्हा लक्षात आलं. तिच्याभोवती वाकून बसलेली माणसंच होती ती. आणि डोक्यावर पदर तर त्या खोलीतल्या प्रत्येक बाईच्या असणार.

काजळ दोनदा साबण लावूनही निघालं नाही. ऑफिसात एकीनं विचारलं, मतदान कुठे होतं?

शनिवार

सकाळी शेजारच्या काकू तेलाची वाटी घेऊन शनीला निघाल्या होत्या. तेलात स्वतःचं तोंड पाहायचं आणि ते तेल दान करायचं. हे मला कधी खुपलं नाही. आपलंच तोंड, आपलीच साडेसाती, दुसऱ्या कुणावर काही येत नाही. ग्रीसमध्ये पात्रासच्या झऱ्यावर आरसा दोरीनं खाली सोडायचे, कड पाण्याला जेमतेम टेकेपर्यंत. मग धूप जाळून त्यात पाहायचे, आजारी माणूस जिवंत दिसतो की मेलेला. पॉसेनियस या ग्रीक प्रवाशानं हे दुसऱ्या शतकात लिहिलंय, आणि तो मुद्दाम सांगतो की तिथे फक्त आजाऱ्याबद्दल विचारायचं. चोरी, दावा, धन, काही नाही. ज्यांनी कुणी हा नियम केला ते शहाणे होते.

आपल्याकडे गुप्तधनापायी काय काय होतं ते पेपरात येतच असतं. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन शोधण्याच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. दाभोलकरांचा खून झाला त्यानंतर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला, हे आठवलं की आजही संताप येतो. आत्तीला हा कायदा सांगितला तर म्हणाली, "आता पायाळू तरी कुटं ऱ्हायलीत? पाय खाली दिसलं की डाक्टर पोट फाडत्यात." माझ्या चुलतभावाची नात तशीच झाली. तिला पायाळू धरायचं का, यावर घरात वाद आहे. आत्तीचं मत स्पष्ट आहे: पाय आधी आलेच नाहीत, मग कसली पायाळू.

दुपारी जॉन डी वाचत पडले. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारचा विद्वान, गणिती. ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच्या नावावर काळ्या ज्वालाकाचेचा, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या काचेसारख्या दगडाचा, एक गोल आरसा आहे. तो मेक्सिकोतल्या आझ्टेक लोकांचा, आणि त्याचा दगड तिथल्याच पाचुका या ठिकाणचा, असं २०२१ मध्ये तपासणीतून नक्की झालं. तो डीचाच, याला आधार मात्र पुढे तो ज्याच्याकडे होता त्या होरेस वॉलपोलचा शब्द. काहीही असो, डीला स्वतःला काही दिसत नसे. १५८२ मध्ये एडवर्ड केली त्याच्याकडे आला. केली स्फटिकात बघायचा, देवदूत काय म्हणतात ते सांगायचा, डी लिहून घ्यायचा.

इथे पारडं उलटं आहे. बघणारा लहान पोर नाही, विचारणाराच भोळा. वर्षानुवर्षं असं चाललं, आणि १५८७ मध्ये बोहेमियात त्रेबोन इथे केलीला देवदूतांचा हुकूम मिळाला की दोघांनी सगळं सामाईक ठेवावं, बायकांसकट. डीनं हे मानलं! करार लिहिला, सह्या झाल्या. डीच्या बायकोचं नाव जेन. तिला सांगितलं तेव्हा ती थरथर कापत रडली, हे डीनंच नोंदवलंय.

कालपर्यंत मी विचारणारा आणि बघणारा या दोघांचाच हिशेब करत होते. जो जबरदस्त, त्याचं चित्र आरशात उमटतं, एवढ्यावर मी आले होते. कैरोत दुभाषा, गावात जाणता, त्रेबोनमध्ये केली. पण जेननं काही विचारलं नव्हतं आणि ती काही बघतही नव्हती. वाड्यावर धुणी धुणारी बाईही नाही. ती तर त्या रात्री खोलीतसुद्धा नव्हती.

संध्याकाळी आत्तीला पुन्हा फोन लावला. त्या बाईचं नाव काय होतं? आत्तीला बोरमाळ अडीच तोळ्यांची होती हे आठवतं, सोनार कुठला ते आठवतं, परकराच्या कापडाचा रंगही आठवतो. नाव आठवेना. "अमक्याची बायकू म्हनायची समदी," म्हणाली, आणि त्या अमक्याचंही नाव तिला सापडेना. पाटलांच्या वाड्यातली धाकटी सून अजून आहे म्हणे, ऐकू कमी येतं पण डोकं शाबूत आहे. पुढच्या रविवारी विट्याला जायचंच आहे. तिला विचारेन. आधी नुसतं नाव विचारेन, बोरमाळेचा विषय आपणहून काढणार नाही.