दुखत नाही म्हणून थांबू नका

आज काकूंना मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला नेलं. स्तनात सुपारीएवढी गाठ, "दुखत नाही गं" म्हणून दिवाळीपासून अंगावर काढलेली. मैत्रिणींनो, न दुखणारी गाठही लगेच दाखवायची! काखेतली गाठ, स्तनाग्रातून रक्त, आत ओढलेली त्वचा, हेही. आणि घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर नव्हता म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो.

टाटा मेमोरियलने मुंबईत २० वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासलं, तरी पन्नाशीपुढच्या बायकांमधले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या हातांनी!

काकूंची बायोप्सी (सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं) सोमवारी आहे. भेटायला येणाऱ्यांनी कृपा करून "सुई लावली की पसरतो" असं त्यांना सांगू नका. तो गैरसमज आहे.