तक्रार समितीपर्यंत पोचण्याआधी लागते ती आवक-जावकची खिडकी

एका प्राध्यापकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार घेऊन मी कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे गेले. सुनावणी नीट झाली, त्यावर जास्त लिहीत नाही. डोकं फिरलं ते आवक-जावकच्या खिडकीवर.

लिफाफा उघडून विषय वाचल्याशिवाय रजिस्टरात नोंद होणार नाही, असं तिथल्या बाबूंचं म्हणणं. मागे फी भरणाऱ्यांची रांग आणि हे मोठ्याने विचारतायत, "कसली तक्रार?" मग म्हणे, समितीच्या अध्यक्ष मॅडमच्या हातात देऊन टाका, एकच आहे. एकच कसं असेल? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) लैंगिक छळाबाबतच्या २०१५ च्या विनियमांत समोरच्याला प्रत पाठवायचे ७ दिवस आणि चौकशीचे ९० दिवस तक्रार मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. हातात दिलेल्या कागदावर तारीखच नसते. उद्या कुणी म्हणालं, तक्रार मागच्या आठवड्यात मिळाली, तर दाखवणार काय?

म्हणून लिफाफ्यावर फक्त 'गोपनीय : अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती' लिहा. रजिस्टरात विषयाच्या रकान्यात 'गोपनीय लिफाफा' एवढंच लिहायला लावा. आपल्याकडच्या पोचपत्रावर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही, चारही हवेत. नुसत्या शिक्क्यावर भागवू नका. अडून बसले तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ पुढे करा, तक्रारीतला मजकूर जाहीर करायला त्यात मनाई आहे. तरीही घेत नसतील तर त्याच दिवशी अध्यक्षांना ईमेल आणि स्पीड पोस्ट. माझ्या बाबतीत कलमाची झेरॉक्स पुढे सरकवल्यावर शिक्का बसला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

कागद तयार करताना : तक्रारीचे सहा संच, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार द्यायची. उशीर झाला असेल तर कारण लेखी द्या, समिती मुदत वाढवू शकते.

सुनावणीत वकील नेता येत नाही. समितीत कोण बसलंय ते आधीच बघा. प्रकरणात विद्यार्थी असेल तर तीन निवडून आलेले विद्यार्थी-सदस्य लागतात, आणि विभागप्रमुख किंवा डीन सदस्य असू शकत नाहीत. हरकत असेल तर पहिल्या तारखेआधी लेखी द्या.

"मिटवून घे, वर्ष वाया जाईल" हे ऐकावं लागेलच. समेट आपण मागितला तरच होतो, आणि पैसे देऊन तर नाहीच.

एक राहिलंच. जर्नलवर सही आणि इंटर्नलचे मार्क त्याच माणसाच्या हातात असतील, तर तक्रारीसोबतच वेगळा अर्ज जोडा : चौकशी संपेपर्यंत माझं मूल्यमापन दुसऱ्याकडे द्यावं. विनियमांत तशी सोय आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. पोलिसांत जायचं असेल तर समितीच्या निकालासाठी थांबायची गरज नाही. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात होतो.