तुम्ही विचारलंत म्हणून : काल काय खाल्लंत?

न्यूट्रिशनमध्ये एम.एस्सी. करणाऱ्या मुली हमखास विचारतात, "ताई, डिझर्टेशनमध्ये सगळ्यात अवघड काय गेलं? स्टॅटिस्टिक्स ना?" नाही. मला अवघड गेला एक साधा प्रश्न : काल काय खाल्लंत?

माझा विषय होता पुण्यातल्या एका वस्तीत राहणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या आहारातलं लोह. पद्धत चोवीस तासांच्या रिकॉलची, म्हणजे आदल्या दिवसभरात काय काय खाल्लं ते आठवून सांगायचं; तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा. एथिक्स कमिटी, संमतीपत्रं यांत वेळ जातो, पण ते होतं.

पहिल्या आठवड्यात सगळ्याजणी सांगायच्या, "पोळ्या, वांग्याची भाजी, वरणभात." मी लिहून घ्यायचे. आकडे मांडले की प्रत्येकीचं पोट भरलेलं दिसायचं. मग एके दिवशी एका मावशींकडे स्वयंपाक होईपर्यंत थांबले. त्यांनी भाजी केली, मुलांना वाढली, नवऱ्याचा डबा भरला आणि कढईत राहिलेलं पोळीने निपटून खाल्लं. आदल्या दिवशी त्यांनी मला खोटं सांगितलं नव्हतं. मी विचारत होते काय खाल्लं, त्या सांगत होत्या काय रांधलं.

तोवरच्या सगळ्या नोंदी मी बाजूला ठेवल्या. गाईड मॅडम एवढंच म्हणाल्या, "मग पुन्हा जा." या वेळी वजनकाटा घेऊन गेले. भाकरी त्यांच्या हातची तोलायची, वाटी त्यांच्या घरातली, पाणी ओतून मापायची. आणि प्रत्येकीला विचारायचं : आधी कोण जेवलं? तुमच्यासाठी किती उरलं? रात्री ते आकड्यांत उतरवायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटकांच्या तक्त्यांत ५२८ अन्नजिन्नस आहेत, बहुतेक कच्चे. त्यात पिठलं सापडत नाही. बेसन, तेल, कांदा असं सुटं करत बसावं लागतं.

त्याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९. गरज जिची जास्त, तीच शेवटी जेवत होती. हे तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसेना. चर्चेच्या प्रकरणात मी त्यासाठी दोन पानं घेतली आणि मॅडमनी ती कापली नाहीत.

शेवटी मी त्याच मावशींना निष्कर्ष सांगायला गेले. "जेवणाला लागून चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. तासाभराने घ्या."

"तासाभराने मी तिसऱ्या घरी असते गं. तिथे चहा देत नाहीत."

मला उत्तर सुचेना. थोड्या वेळाने म्हटलं, "मग पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळाल? त्याने लोह जास्त शोषलं जातं." त्यावर त्यांनी उन्हाळ्यातल्या लिंबाचा भाव सांगितला आणि म्हणाल्या, "तेव्हा कैरीची फोड चालेल का?"

चालेल. शिफारशींच्या यादीत मी चहाच्या वर कैरी लिहिली.