आमची वाटचाल : रिडो कालवा आणि हातातला दोर

कॅनडातला ओटावा ते किंग्स्टन हा २०२ किलोमीटरचा रिडो कालवा १८३२ साली सुरू झाला. अमेरिकेशी पुन्हा युद्ध पेटलं तर सेंट लॉरेन्स नदी टाळून रसद नेता यावी, म्हणून कर्नल जॉन बाय यांच्या देखरेखीखाली तो बांधला गेला. ते युद्ध काही झालं नाही. आज इथे दिसतात त्या बहुतेक हौशी लोकांच्या खासगी मोटरबोटी. या बोटी कालव्याच्या प्रवासासाठी सज्ज करणं आणि चालवणाऱ्यांकडून तयारी करून घेणं, हा आमचा छोटा व्यवसाय.

सुरुवातीचं काम निव्वळ इंजिनाचं होतं. पण दुरुस्तीला येणाऱ्या बोटींचं दुखणं बऱ्याचदा कडेला असायचं : उखडलेलं क्लीट (दोर बांधायचा खुंटा), खरवडलेला जेलकोट (बोटीचा बाहेरचा गुळगुळीत थर), वाकलेलं रेलिंग. हे होतं लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दारांच्या हौदात, आणि बहुतेक वेळा दोर बांधून टाकल्यामुळे. धंद्याचा रोख तिथून बदलला.

ओटावाहून अप्पर रिडो तलावापर्यंत ८३ मीटर चढ आहे, तिथून किंग्स्टनपर्यंत ५० मीटर उतार. मुख्य मार्गावर ४५ लॉक. बहुतेक ठिकाणी दारं आणि झडपा कर्मचारी आजही हाताने चरक फिरवून चालवतात. बोटवाल्याने फक्त दोर सांभाळायचा, आणि नेमकं तेच जमत नाही.

धक्क्यावरच्या निळ्या रेघेशी बोट लावली की ‘आम्हाला लॉकमधून जायचंय’ हे कर्मचाऱ्यांना कळतं. आत शिरताना वेग अगदी कमी ठेवायचा आणि मागचा दोर आधी धरायचा. पुढचा आधी धरला की उरलेल्या वेगाने मागची बाजू भिंतीपासून बाहेर फिरते. भिंतीवर वरून खालपर्यंत आवरण घातलेल्या तारा असतात. दोर तारेमागून फिरवून त्याचं टोक परत हातात घ्यायचं, क्लीटला गाठ मारायची नाही. बोट उतरते तसा वळसा तारेवरून घसरत येतो. गाठ मारलेला दोर तारेवर आवळून बसला तर पाणी खाली जातं आणि बोट एका कुशीवर लटकते. अशा वेळी ओरडून झडपा बंद करायला सांगावं, हाताची बोटं मध्ये घालू नयेत. चढताना वरच्या दाराजवळ पाणी उसळतं, म्हणून लहान बोट मागे ठेवलेली बरी. उतरताना मात्र मागच्या दाराखालच्या उंबऱ्यापासून पुढे राहायचं, नाहीतर बोटीची मागची बाजू त्यावर टेकते.

म्हणून आमच्या संचात १२ मिमी जाडीचे, १० मीटर लांबीचे नायलॉनचे दोर असतात आणि त्यांच्या टोकाला फास नसतो, कारण फासच तारेत अडकतो. दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन फेंडर (बोट भिंतीला घासू नये म्हणून लटकवायच्या गाद्या). भिंत खडबडीत दगडाची असल्यामुळे नळकांडी फेंडर घरंगळून बाजूला होतो. बाहेरून आडवी फळी लावली की जागेवर राहतो. दुकानात मिळणारे शोभेचे छोटे फेंडर आम्ही लावत नाही.

लॉकमध्ये इंजिन बंद, विडी-सिगारेट बंद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि त्या खोलगट जागेत साचून राहते. इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवावा.

इंजिनाचं काम सुटलं नाही, फक्त त्याचं कारण बदललं. उन्हाळ्यात तलावांत पाणगवत माजतं आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची गाळणी तुंबते. तापमानाचा काटा चढू लागला की इंजिन बंद करून नांगर टाकावा, सीकॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा नळ) बंद करावा आणि गाळणी साफ करावी. त्यात हयगय केली तर पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) कोरडा फिरून फाटतो. नवा इम्पेलर आणि गॅस्केट बोटीवरच ठेवायला आम्ही सांगतो. सोबत जादा प्रॉपेलर, त्याचा नट, नट सुटू न देणारी कॉटर पिन आणि पाना.

प्रॉपेलर खडकावर का जातात याचं एक ठरलेलं उत्तर आहे : अप्पर रिडो तलावापाशी असलेलं न्यूबरोचं लॉक. प्रवाहाविरुद्ध जाताना लाल बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) उजवीकडे ठेवायचा असतो. ओटावाहून न्यूबरोपर्यंत हे बरोबर. ते लॉक ओलांडलं की उतार सुरू होतो आणि लाल बोया डावीकडे येतो. सवयीने उजवीकडेच धरणारा थेट दगडावर. म्हणून १५१३ हा नौकानयन नकाशा उघडून त्या जागेवर आम्ही खूण करून देतो.

ओटावाच्या सलग आठ लॉकना साधारण दीड तास लागतो, म्हणून तिथे संध्याकाळी पोचण्याचा बेत आम्ही खोडून काढतो. चालकाकडे प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड (हौशी बोट चालवण्याचा दाखला) हवं, आणि शौचालयाची टाकी फक्त पंप-आउटच्या (मैला पंपाने उपसून घेण्याच्या) ठिकाणीच रिकामी करायची.

ऑक्टोबरच्या मध्याला हंगाम संपतो, की इंजिन थंडीसाठी तयार करायचं काम येतं. ब्लॉकमधलं सगळं पाणी काढून एक्झॉस्टमधून गुलाबी अँटिफ्रीझ दिसेपर्यंत ते आत सोडतो, कारण आत राहिलेलं पाणी गोठलं की ब्लॉकला तडा जातो. इम्पेलर त्याच वेळी काढून ठेवतो, वसंतात नवा बसवायला.