फळ्यावरची चौथी ओळ

आमच्या शाळेत परिपाठाचा फळा माझ्याकडे आहे. व्हरांड्यात टांगलेला, वर वार आणि तारीख, डावीकडे सुविचार, उजवीकडे दिनविशेष. दिनविशेषाला जागा तीन ओळींची. प्रार्थनेच्या आधी अर्धा तास येऊन मी त्या तीन ओळी लिहिते. कोपरखैरण्यात अकरा वर्षं हे काम केलं आणि मनापासून केलं. रंगीत खडू मी स्वतःच्या पैशाने आणते.

2024 सालचा 23 मार्च शनिवारी आला. सकाळची शाळा. त्या दिवसाच्या तीन ओळी मला पुस्तक न उघडताही येतात. पहिली, 1931, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना लाहोरच्या तुरुंगात फाशी. दुसरी, 1910, राममनोहर लोहियांचा जन्म. तिसरी, जागतिक हवामान दिन, कारण 1950 साली याच तारखेला जागतिक हवामान संघटनेचा करार अमलात आला. शहीद दिन म्हणून पहिली ओळ लाल खडूने लिहिली.

परिपाठ झाल्यावर सहावीच्या वर्गात मी या तारखेवर बोलते, दरवर्षी. फाशी खरं म्हणजे 24 मार्चच्या सकाळी व्हायची होती. लोक चिडतील या धास्तीने सरकारने ती अकरा तास आधी, 23 तारखेच्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास उरकली आणि मृतदेह रात्रीच सतलजच्या काठी नेऊन जाळले. म्हणजे आपण ज्या तारखेला हात जोडतो ती तारीखसुद्धा त्या धास्तीतून आलेली आहे. राजगुरू तेव्हा 22 वर्षांचे होते, आपल्या खेडचे. वर्गात खेड-जुन्नरकडची तीन-चार मुलं आहेत, ती हे ऐकताना ताठ बसतात. त्याच दिवशी लोहिया 21 वर्षांचे झाले होते, पण पुढे त्यांनी आपला वाढदिवस साजरा होऊ दिला नाही. हे सांगताना माझा गळा अजूनही भरून येतो.

माझं बोलणं संपलं तेव्हा खिडकीकडच्या बाकावरून एक हात वर झाला. हा मुलगा एरवी फार बोलत नाही.

"बाई, अण्णासाहेबांचं नाव राहिलं."

"कोणत्या अण्णासाहेबांचं?"

वर्गातली दहा-बारा मुलं एकदम माझ्याकडे बघायला लागली. "माथाडींचे अण्णासाहेब पाटील," तो म्हणाला. "आज पुण्यतिथी आहे. आजोबा पहाटेच माथाडी भवनात गेलेत. आमच्या घरी फोटोला हार घातलाय."

नाव मला माहीत होतं. माथाडी म्हणजे डोक्या-पाठीवरून ओझी वाहणारे हमाल, आणि हे त्यांचे पुढारी. चौकाचौकातल्या फलकांवर, त्यांच्या नावाच्या महामंडळाच्या जाहिरातींत रोज वाचत होते. पण तारीख माहीत नव्हती. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील नाही तर आजोबा वाशीच्या बाजारात गोणी उचलतात. कुणाच्या टोळीचा नंबर काय, कुणाचे वडील कांदा-बटाट्यात आहेत आणि कुणाचे मसाल्यात, हे मला पाठ होतं. अकरा वर्षांत अकरा 23 मार्च गेले, आणि दर वेळी ही मुलं घरातल्या फोटोला हार घालून येऊन माझ्या फळ्यावरची हवामान दिनाची ओळ वाचत होती. मला फार लागलं ते. अजूनही लागतं.

"काय झालं होतं त्यांना?" मागून एका मुलीने विचारलं.

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "त्यांनी स्वतःला गोळी मारून घेतली."

वर्गात कुणीच काही बोलेना.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांपुढे हे कसं मांडायचं, याचं उत्तर मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. तरीही दडपायचं नाही एवढं ठरवलं, कारण घरी त्यांनी ते ऐकलेलंच होतं. जे खात्रीने ठाऊक होतं ते आधी सांगितलं: हे पाटण तालुक्यातले, मुंबईत येऊन हमाली केलेले. मालाची ने-आण करणाऱ्या माणसाला कुणी मालक नव्हता, म्हणून कुणी जबाबदारही नव्हतं, आणि अशा माणसांसाठी त्यांनी लढून 1969 साली माथाडी कायदा करून घेतला. मग 22 मार्च 1982. मराठा समाजाला आर्थिक निकषावर आरक्षण मिळावं म्हणून मुंबईत मोठा मोर्चा निघाला, मागणी मान्य झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं आयुष्य संपवलं.

आरक्षण हा शब्द मुलांना नवा नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी, 26 जानेवारीला, मराठा आरक्षणासाठीचा नवा मोर्चा वाशीत मुक्कामाला होता. बाजारातल्या गाळ्यांत माणसं झोपलेली यांतल्या कित्येकांनी बघितली होती, घरून भाकऱ्या नेऊन दिल्या होत्या.

"मग बाई, तेपण शहीद का? भगतसिंगांसारखे?" तीच मुलगी.

मी खडू खाली ठेवला. म्हटलं, भगतसिंगांना सरकारने मारलं, अण्णासाहेबांनी स्वतःचा जीव घेतला. दोन्ही गोष्टी एका तारखेला आल्या म्हणून एक होत नाहीत. ते 48 वर्षांचे होते, त्यांच्या हातून अजून किती कामं झाली असती. मला त्यांचं जगणं मोठं वाटतं, आणि फळ्यावर मी तेच लिहीन. कुठलीही मागणी, कुठलंही दुःख इतकं मोठं नसतं की त्यासाठी तुमच्यापैकी कुणी जीव द्यावा. असं काही मनात आलं तर माझ्याकडे यायचं, रात्रीसुद्धा. हे मी दोनदा सांगितलं. मुलगी मान हलवून खाली बसली.

मग त्या मुलाला घेऊन व्हरांड्यात गेले. हवामान दिनाच्या खाली चौकटीला लागून चार बोटं जागा होती. त्याने बारीक अक्षरात लिहिलं: "1982 – माथाडी कायद्यासाठी लढणारे अण्णासाहेब पाटील यांचं निधन."

शाळा सुटताना त्याचे आजोबा त्याला न्यायला आले. पांढरं धोतर, टोपी, खिशाला कार्यक्रमातला बिल्ला. नातवाने हाताला धरून फळ्यापाशी नेलं. त्यांनी एकेक अक्षर बोटाने वाचलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

"म्या हुतो बाई मोर्चात," ते म्हणाले. "बावीसला रातच्याला गाळ्यावर आलो, पाय सुजलेलं. सकाळी कोन तरी वरडत आलं, अण्णा गेलं. आमी त्याला मारायला धावलो, खोटं बोलतोय म्हनून."

मी खुर्ची दिली, पण ते पायरीवरच बसले. सोळाव्या वर्षी मस्जिद बंदरला आलेले. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं, पाठीवर पोतं. व्यापारी देईल ती मजुरी. पोतं अंगावर पडून हाड मोडलं तर गावची गाडी धरायची. "मग मंडळ आलं," ते म्हणाले, म्हणजे कायद्याने आलेलं माथाडी मंडळ, आणि बोटं मोजायला लागले. नोंदणी झाली, टोळीची हजेरी लागायला लागली, मजुरी मालकाने मंडळात भरायची आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक जादा रक्कम. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. "हमालाला रजेचा पगार! गावात कुनाला खरं वाटंना." बाजार मुंबईतून वाशीला हलले तसे तेही आले आणि इथे खोली मिळाली.

उठताना फळ्याकडे बोट करून म्हणाले, "मेल्याली तारीख ल्हिवली, ब्येस केलं. पर जल्माचीबी ल्हिवा. पंचवीस सप्टेंबर."

तोवर मुलं सातवीत गेली होती. 25 सप्टेंबरला मी चौथी ओळ आधीच आखून ठेवली आणि त्याच्या हातात खडू दिला. त्याने 1933 लिहिलं, पुढे नाव. एवढ्यात वर्गातली एक आगरी मुलगी पुढे आली. तिचं आजोळ उरण तालुक्यातलं. "बाई, आज आमच्या चिरनेरला हुतात्म्यांना मानवंदना असते. 1930चा जंगल सत्याग्रह. पोलिसांनी गोळ्या घातल्या."

तेही बरोबर होतं. 25 सप्टेंबर 1930, चिरनेरचं जंगल, सरकारी कायदा मोडून लाकूड तोडायला गेलेले आगरी, कोळी, कातकरी. त्यात पडलेल्या नाग्या कातकरीचं नाव मी शिकवलेलं होतं, तारखेशी जोडून मात्र कधी नाही. मुलाने आपली ओळ पुसली, 1930 वर लिहायला तिला जागा दिली आणि 1933 खाली पुन्हा लिहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी पावसाने झोडपून काढलं. आजोबा छत्री घेऊन आले, व्हरांड्यात टेकले आणि दोन्ही ओळी वाचल्या. मुलगी रिक्षाची वाट बघत शेजारीच उभी होती.

"ही वरची तुजी का गं?"

"हो."

"तुमच्यातलं कोन गेलं हुतं तवा?"

"खापरपणजोबा. कोयता घेऊन."

"आमच्यातला मी गेलो हुतो," आजोबा म्हणाले आणि तिला बसायला थोडं सरकले.